रिकामी काहील उकळवताना: सेन्सरवर चालणाऱ्या मांडणशिल्पाची ध्वनिरचना

गुऱ्हाळावर रस उकळायला लागतो तेव्हा आधी पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. बारीक, घाईचा, सलग. पाणी उडत जातं तसा बुडबुडा मोठा होतो, त्याला फुटायला वेळ लागतो आणि आवाज खाली उतरतो. शेवटी काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, नुसतं फद्... फद्... ऐकू येतं. मग गूळ करणारा गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यात सोडून बघतो. गोळी झाली की काहील उतरायची. कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर हे ऐकत उभा होतो, तेव्हाच मनात आलं की हा आवाज एका खोलीत उभा करायचा. रस नाही, जाळ नाही, फक्त येणाऱ्या माणसाची हालचाल.

त्यातून झालेलं मांडणशिल्प साधं होतं. अंधाऱ्या हॉलच्या एका कोपऱ्यात विटांवर ठेवलेली साडेचार फुटांची जुनी, रिकामी काहील. माणूस जवळ गेला की ती उकळायला लागते. तो कसा वागतो त्यावर आतला न दिसणारा रस आटतो. त्या कामात जे शिकलो ते क्रमाने सांगतो. तुमचा विषय वेगळा असेल, पण क्रम शक्यतो हाच ठेवा, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात आधी उघडू नका.

आधी एक वाक्य लिहा

माझं वाक्य असं होतं: माणूस जवळ आला की रस उकळतो, थांबून राहिला की आटतो, निघून गेला की निवतो. यात पाहुण्याच्या तीन क्रिया आहेत आणि तीन ध्वनिबदल आहेत. त्या तीन क्रियांपलीकडचं काहीही मी मोजलं नाही.

असं वाक्य जमत नसेल तर सेन्सर विकत घेऊ नका. पाहुण्याची क्रियाच सापडत नसेल तर कामाला सेन्सरची गरज नाही. चांगली ध्वनिफीत शांतपणे वाजवली तरी ते काम उभं राहील, आणि त्यात कमीपणा काही नाही. ‘हात हलवला की काहीतरी वाजतं’ हे वाक्य मात्र पुरेसं नाही. त्यातल्या ‘काहीतरी’च्या जागी नेमका शब्द येईपर्यंत वहीवरच थांबा.

जागा कानाने बघा

हॉल ठरला की तिथे दोनदा जा: एकदा सकाळी अकराला, एकदा संध्याकाळी सहाला. पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करा. दसरा चौकाच्या आसपासच्या कुठल्याही हॉलमध्ये संध्याकाळी गाड्यांचा आणि हॉर्नचा एक जाड थर आत येतो. तुमचा सर्वांत हळू आवाज त्या थराच्या वर यायला हवा. नाहीतर तो हळू आवाज फक्त तुमच्या घरच्या हेडफोनमध्येच राहील. पंखे चालू करून ऐका, कारण एप्रिलमध्ये ते बंद ठेवता येणार नाहीत.

मग टाळी वाजवा. फरशी गुळगुळीत आणि भिंती उघड्या असतील तर टाळी एक-दीड सेकंद घोळत राहते. अशा खोलीत सुटेसुटे बुडबुडे एकमेकांत मिसळून नुसता गदारोळ होतो. उपाय दोन. एक म्हणजे खोली मऊ करणे: जाड सतरंजी आणि भिंतीपासून दहा सेंटिमीटर सोडून टांगलेला जाड पडदा. आम्ही पडद्यांऐवजी गोणपाट दुहेरी लावलं, ते गुऱ्हाळाच्या विषयाला शोभलंही. अशा कापडाने वरचे स्वर मरतात, खालचा घुमारा तसाच राहतो. दुसरा उपाय रचनेतला आहे आणि तो फुकट आहे. खोली जितकी घुमते तितके आवाज कमी आणि दूरदूर ठेवा.

जागा उघडी असेल, रंकाळ्याच्या काठावर किंवा एखाद्या वाड्याच्या चौकात, तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांच्या मर्यादा आधी पाहा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. इथे रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. हे लक्षात घेतलं तर स्पीकर मोठा करण्याऐवजी माणसाच्या जवळ ठेवणंच बरं, हे आपोआप कळतं.

आवाज गोळा करणे

गुऱ्हाळावर जाण्याआधी मालकाशी आणि गुळव्याशी बोला. कशासाठी रेकॉर्ड करतोय ते सांगा आणि नंतर ते त्यांना ऐकवायला परत जा. मी परत गेलो तेव्हा चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, उसाची चिपाडं सारणाऱ्या माणसाने सांगितलं की जाळाचा आवाज घेतलाच नाही, आणि जाळाशिवाय काहील कसली. त्याचं बरोबर होतं. पुढे त्या जाळानेच अर्धं काम सांभाळलं.

घाण्याची मोटर सगळं गिळून टाकते. त्यामुळे रस काढून झाल्यावर, आदण, म्हणजे काहिलीत घातलेला रस, उकळत असतानाचा वेळ मागून घ्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा, आणि सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आत राहील एवढाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारी पातळी. माइक वाफेच्या वाटेत धरू नका, बाजूने दीड मीटरवर ठेवा. पत्र्याला चिकटवायची, कंपन पकडणारी पिएझो चकती तापलेल्या काहिलीला लावायचा मोह होईल, पण लावू नका. उष्णतेने ती सुटू शकते आणि कामातूनही जाऊ शकते. ती मी नंतर थंड, रिकाम्या काहिलीला लावली आणि बोटांनी, ओल्या कापडाने, मूठभर तांदळाने पत्रा वाजवून घेतला. ते तांदळाचे आवाजच पहिल्या बारीक उकळीसाठी खऱ्या रसापेक्षा जास्त खरे वाटले.

घरी आल्यावर एकेक बुडबुडा वेगळा कापा. मी साठ कापले: वीस बारीक, वीस मध्यम, वीस जाड. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना पाच मिलिसेकंदांचा उतार द्या, नाहीतर कापलेल्या जागी टिक् असा आवाज येतो. शेकडो वेळा वाजल्यावर तो टिक् असह्य होतो.

सेन्सर: माणूस कसा दिसतो

माणूस आपल्याला सहज दिसतो म्हणून सेन्सरलाही दिसेल असं वाटतं. प्रत्येक सेन्सर माणसाचा फक्त एक तुकडा बघतो.

दारावर दिवा लावणारा पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल बघतो. माणूस स्तब्ध उभा राहिला की त्याच्या लेखी माणूस नाहीसाच होतो. शिवाय मे महिन्यात खोलीचं आणि अंगाचं तापमान जवळ येतं आणि त्याचा पल्ला घटतो. माझ्या वाक्यात थांबणं हीच मुख्य क्रिया होती, म्हणून तो पहिल्या दिवशीच बाद झाला.

अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे एचसी-एसआर०४, स्वस्त आणि समजायला सोपा आहे. ४० किलोहर्ट्झची हाक मारतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो. पल्ला कागदावर २ ते ४०० सेंटिमीटर, पण मी ३०० च्या पुढचं धरत नाही. मऊ, चुण्या असलेलं कापड ही हाक शोषून घेतं, त्यामुळे नऊवारी नेसलेल्या आजी आणि शाल पांघरलेले आजोबा त्याला अधूनमधून दिसत नाहीत. त्याची नजर सुमारे १५ अंशांच्या शंकूएवढीच असते. म्हणून काहील मध्यभागी न ठेवता कोपऱ्यात ढकलली. आता माणसं फक्त ९० अंशांतून येणार. चार सेन्सर २२-२२ अंशांवर लावले. तीन मीटरवर दोन शंकूंमधली फट ३७ सेंटिमीटरच्या आसपास राहते आणि तिच्यातून मोठा माणूस सहसा निसटत नाही.

चारही सेन्सर एकदम ओरडले तर एकाची हाक दुसरा ऐकतो. एकामागून एक चालवा, प्रत्येकाला ६० मिलिसेकंद द्या. चार सेन्सरची फेरी २४० मिलिसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला चारच आकडे. आटणाऱ्या रसाला हे पुरतं. हलगी वाजवायची असती तर अजिबात पुरलं नसतं. टिपरू पडणं आणि आवाज येणं यांत दहा मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की वाजवणाऱ्या हाताला ते जाणवायला लागतं. तिथे पिएझो चकती थेट लावावी, तिच्या दोन टोकांमध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर जोडावा.

स्तब्ध माणूस अजून तिथेच आहे ना, याची खात्री करायला एलडी२४१० हा २४ गिगाहर्ट्झचा छोटा रडार सेन्सर जोडला. श्वासाने छाती हलते तेवढीही हालचाल तो ओळखतो. पण तो प्लायवूडच्या आणि पातळ भिंतीच्या पलीकडचंही बघतो, तेव्हा त्याचा पल्ला कमी करून ठेवा. नाहीतर शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसासाठी काहील तासन्‌तास उकळत राहील.

उंचीची चूक मी केली ती तुम्ही करू नका. सेन्सर जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर लावले होते. चाचणीच्या दिवशी शेजारची तीन मुलं आली, काहिलीला अगदी टेकून उभी राहिली, आणि काहील गप्प. त्यांच्या डोक्यावरून हाक निघून जात होती. त्यातला सर्वांत धाकटा ‘आमच्यासाठी वाजत न्हाई’ म्हणाला, ते मनाला फार लागलं. त्या संध्याकाळी सगळे सेन्सर ६० सेंटिमीटरवर आणले.

वायरिंगचं थोडक्यात. या सेन्सरचा परतीचा सिग्नल ५ व्होल्टचा आणि सेन्सरचे आकडे वाचणारा ईएसपी३२ बोर्ड ३.३ व्होल्टचा. मध्ये १ किलोओम आणि २ किलोओमच्या रेझिस्टरांनी व्होल्टेज विभागा. बोर्ड सेन्सरजवळ ठेवा. संगणकापर्यंतची यूएसबी केबल पाच मीटरच्या आत असू द्या. स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर आली तर आधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. बहुतेक वेळा तिथेच सुटते.

आकडे निवळून घ्या

सेन्सरचा आकडा कच्च्या रसासारखा असतो, मळी काढल्याशिवाय वापरायचा नाही. तीन चाळण्या लावा.

पहिली चाळणी मध्यकाची. शेवटचे पाच आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. मध्येच आलेला ३८०चा खोटा आकडा इथे गळतो. दुसरी गुळगुळीत करण्याची: नवी किंमत म्हणजे जुनीचे नऊ भाग आणि ताज्या आकड्याचा एक भाग. पण चढताना आणि उतरताना वेगळा वेग ठेवा. माझी उकळ दीड सेकंदात चढायची आणि निवायला बारा सेकंद घ्यायची. जड काहील अशीच वागते, आणि कानालाही तेच पटतं. तिसरी चाळणी उंबऱ्याची. १२० सेंटिमीटरच्या आत आलं तर चालू, पण बंद व्हायला १५० च्या बाहेर जायला हवं. दोन्हीला एकच आकडा ठेवलात तर त्या सीमेवर उभा राहिलेला माणूस आवाज चालू-बंद, चालू-बंद करत राहतो.

कशाने काय बदलायचं

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. बाकी सगळं दुकानात मिळतं.

पहिल्यांदा करणारा हमखास जवळ येण्याला मोठा आवाज जोडतो. मीही जोडला होता. दहा सेकंदांत त्याचा कंटाळा येतो, कारण पाहुण्याला आपण रेडिओचं बटण झालो असं वाटतं. १९२० च्या सुमारास आलेल्या थेरेमिन या वाद्यात एक हात स्वर ठरवतो, दुसरा आवाजाची पातळी, दोन्ही न स्पर्शता. तिथे ही थेट जोडणी शोभते, कारण वाजवणारा वर्षानुवर्षं रियाज करतो. आपल्या पाहुण्याकडे दोन मिनिटं आहेत.

म्हणून उत्तर दोन वेगांनी द्या. पहिलं उत्तर तत्काळ. माणूस १२० सेंटिमीटरच्या आत आला की सेन्सरची फेरी संपताच एकच सुटा, स्पष्ट बुडबुडा वाजतो. त्याने पाहुण्याला कळतं की हे माझ्यामुळे झालं. ते कळलं नाही तर पुढचं सगळं त्याच्या लेखी नुसतं पार्श्वसंगीत. या एका बुडबुड्यासाठी गुळगुळीत करण्याची चाळणी बाजूला ठेवा आणि सरळ कच्चा आकडा वापरा. दुसरं उत्तर सावकाश, त्या माणसाच्या वागण्यातून तयार होणारं.

माझी जोडणी अशी झाली. अंतराने बुडबुड्यांची दाटी बदलते: ३०० सेंटिमीटरवर दोन सेकंदांना एक, ५० वर सेकंदाला पंचवीस. मधला प्रवास बेरजेने नव्हे, गुणाकाराने करायचा. दर ५० सेंटिमीटरला दाटी साधारण २.२ पट होते. कान फरक मोजतो तो पटीत, म्हणून सरळ रेषेने वाढवलं तर सगळा बदल लांबच घडून जातो आणि जवळ काहीच होत नाही. स्तब्धतेने आवाज आटतो. अंतर चार सेकंद दहा सेंटिमीटरहून जास्त बदललं नाही, की पुढच्या ९० सेकंदांत बुडबुडे बारीकवरून जाडकडे सरकतात, वाजण्याचा वेग निम्म्यावर येतो आणि स्वर एक सप्तक खाली जातो. दाटीही उतरते. जो थांबेल त्यालाच शेवटचं फद् ऐकायला मिळतं. हललात तर पुन्हा मागे. आणि माणसं वाढली की बुडबुडे वाढत नाहीत, खालचा जाळ वाढतो. गर्दीच्या वेळी यानेच वाचवलं.

बुडबुडे ठेक्यात पडू देऊ नका. दोन आवाजांमधलं अंतर प्रत्येक वेळी चिठ्ठी टाकून ठरवा आणि नुकताच वाजलेला तुकडा लगेच पुन्हा येऊ देऊ नका. जाळासाठी तीन सलग फिती फिरवल्या: १७, २३ आणि ३१ सेकंदांच्या. या तीन आकड्यांना सामाईक भाजक नाही, म्हणून तिन्हींची सुरुवात पुन्हा एकत्र यायला १२,१२१ सेकंद, म्हणजे तीन तास बावीस मिनिटं लागतात.

संगणकात

मी प्युअर डेटा हे ध्वनीसाठीचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि काम चालू असतानाच दुरुस्त करता येतं. बोर्डाकडून आकडे सीरियल पोर्टने १,१५,२०० बॉडच्या वेगाने घ्या. वायरलेस टाळता आलं तर टाळा, कारण उद्घाटनाला शंभर मोबाईल आले की वायफाय बिघडतं.

एका वेळी किती तुकडे वाजतील याचा हिशेब आधी करा. सेकंदाला २५ बुडबुडे, प्रत्येक सुमारे ०.३ सेकंदांचा, म्हणजे सरासरी साडेसात एकत्र. मी सोळा जागा ठेवल्या. शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारी सोय, हवाच, तो स्पीकरचाही विमा आहे आणि कानांचाही.

आवाज काहिलीतूनच आला पाहिजे

काहील इथे आणि आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून, असं झालं तर सगळं ढासळतं. एक्सायटर नावाचं छोटं यंत्र मिळतं, स्पीकरसारखंच पण पडद्याशिवाय. ते पत्र्याला घट्ट बसवलं की पत्राच वाजतो. दुहेरी चिकटपट्टीने लावलेला एक्सायटर दुसऱ्या दिवशी गळून पडला. मग उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये काहिलीच्या बुडाला छोटी लोखंडी पट्टी बसवून घेतली आणि त्यावर तो स्क्रूने आवळला. कंपनाने स्क्रू सैल होतात, लॉकनट घाला.

नेमका कुठे बसवायचा ते शोधायला एक सलग स्वर १०० पासून ४,००० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत न्या. कुठे पत्रा एकदम किंचाळतो ते लिहून ठेवा आणि त्या जागा इक्वलायझरने ६ डेसिबल खाली घ्या. बरोबर मध्यावर बसवलं की काहील घंटेसारखी एकाच स्वरात घुमते. मध्यापासून एक तृतीयांश अंतरावर आवाज मोकळा झाला. १५० हर्ट्झखालचं एक्सायटरला देऊच नका. जाळाची घरघर विटांमागे लपवलेल्या आठ इंची स्पीकरला द्या.

पातळी ठरवायला मीटरपेक्षा एक साधी कसोटी वापरली. काहिलीशेजारी उभी दोन माणसं आवाज न चढवता बोलू शकली पाहिजेत. आणि तिथे आठ तास बसणाऱ्या राखणदाराचा विचार करा. माणूस नसेल तेव्हा चाळीस सेकंदांनी पूर्ण शांतता येऊ द्या. ती शांतता आधी त्याच्यासाठी असते आणि मग पुढच्या पाहुण्यासाठी. शांत खोलीत पडलेला पहिला बुडबुडा फार मोठा वाटतो.

लोकांना न सांगता बघा

उघडण्याच्या दोन दिवस आधी विषय माहीत नसलेल्या दहा-बारा जणांना बोलवा. काही समजावू नका. कोपऱ्यात बसून फक्त लिहा: कुठे थांबले, कधी कंटाळले, काय हलवून पाहिलं. तिथे पन्हाळ्याकडच्या गावातून आलेल्या एक आजी होत्या. काहिलीवर वाकून, कान लावून, बराच वेळ हलल्या नाहीत. माझ्या हिशेबाने रस पूर्ण आटला होता. त्या म्हणाल्या, ‘आजून कच्चं हाय बाळा. चिपाडं सार.’

रात्री रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. शेवटच्या टप्प्यात दोन बुडबुड्यांमध्ये मी जेमतेम पाऊण सेकंद सोडला होता, आणि खऱ्या काहिलीत तो दीड सेकंदाच्या पुढे जात होता. बदलून घेतलं.

रोज चालवताना

वीज आली की संगणक स्वतः सुरू होऊन प्रोग्राम उघडेल, अशी सोय करा. छोटा यूपीएस लावा. वीज सारखी ये-जा करते तेव्हा मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून त्याची एक तयार प्रत खिशात ठेवा. सोबत जादा दोन सेन्सर ठेवा. गोणपाटाची धूळ सेन्सरच्या जाळीवर बसते, ती कोरड्या ब्रशने आठवड्यातून दोनदा झाडा.

राखणदारासाठी एकच पान मोठ्या अक्षरात लिहून दाराआड लावा. आमच्या पानावर चार ओळी होत्या. सकाळी हॉल रिकामा असतानाच संगणक चालू करा, कारण पहिलं मिनिट तो रिकामी खोली मोजतो. अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू करा. संध्याकाळी तोच सर्वांत आधी बंद करा. आणि कोणी काहिलीत हात घातला तर अडवू नका.